टर्मिनल आलं म्हणून उतरलो

इंडोनेशियात जावा बेटावर ब्रोमो ज्वालामुखी बघायला जाणार असाल, तर जवळच्या प्रोबोलिंगो शहरात कुठे उतरताय ते आधी मोबाइलच्या नकाशावर बघा. आम्ही बघितलं नाही.

सुराबायाहून दुपारची बस होती. प्रोबोलिंगो जवळ येताच कंडक्टर "ब्रोमो, ब्रोमो! टर्मिनल!" ओरडायला लागला, आमच्या सॅकही त्यानेच खाली ठेवल्या. बायको म्हणाली, "अरे, बाकीचं कुणीच कसं उतरत नाही?" मी तिलाच वेड्यात काढलं. बस निघून गेली.

समोर 'टुरिस्ट इन्फर्मेशन'ची पाटी, आत बाटिकचा शर्ट घातलेला हसतमुख गृहस्थ. इंडिया म्हटल्यावर शाहरुख खान झाला, चहा झाला. मग हळूहळू एकेक निघालं: ब्रोमोच्या कडेवरच्या चेमोरो लावांग गावाला जाणारी शेवटची गाडी गेली, ब्रोमोच्या नॅशनल पार्कची तिकिटं संपत आलीत, जीपशिवाय कुणाला सोडत नाहीत. गाडी, जीप, प्रवेश सगळं धरून दोघांचे 18 लाख रुपिया. (तिथे एक लाख म्हणजे आपले पाचशेच्या थोडे वर. एवढी शून्यं बघून डोकं चालेनासं होतं.) रोख मोजले. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. ना शिक्का, ना जीपचा नंबर.

पहाटे 3 ला जीप आली, त्यात आधीच चौघं कोंबलेले. पार्कच्या गेटवर ड्रायव्हर म्हणाला, तिकीट वेगळं. परदेशी माणसाला माणशी अडीच लाखांच्या आसपास! त्या बाटिकवाल्याला फोन लावला तर बंद. भरले पुन्हा. सूर्योदय बघायची जागा म्हणजे पेनांजाकान, तिच्या खूप खालीच जीपची रांग लागलेली. धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा सूर्य वर आला होता. मागे सेमेरू ज्वालामुखी झकास दिसला, खोटं कशाला बोलू.

खरी गोष्ट लॉजवाल्या बाईंनी सांगितली. प्रोबोलिंगोचं टर्मिनल म्हणजे बायुआंग्गा. त्याच्या बाहेर 'बिसोन' म्हणतात त्या मिनीबस उभ्या असतात, भरल्या की सुटतात. तासन् तास थांबावं लागतं, किंवा रिकाम्या सीटचे पैसे प्रवाशांनी मिळून भरायचे. आणि चेमोरो लावांगहून सेरुनी पॉइंट या दुसऱ्या व्ह्यू पॉइंटला चालत जाता येतं, वाळूचं मैदान तुडवत विवराकडेही. जीप हवीच असेल तर गावात, गाडी डोळ्यांनी बघून ठरवायची.

परतताना बिसोनने खऱ्या टर्मिनलवर सोडलं. बायकोने मला नावाच्या पाटीखाली उभं करून फोटो काढला. तो आता घरच्या ग्रुपवर फिरतोय.