३० लिटरचा यूएन मार्कवाला कॅन, १४ महिने वापरून: कॅनला पूर्ण मार्क, बुचाला नाही

मे महिन्यात भर दुपारी इचलकरंजीच्या एका कापड प्रोसेसवाल्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "साहेब, तुमचं कॅन भाकरीगत फुगल्यात की ओ, काय करायचं?" आत ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ४० कॅन गेले होते, त्यातले ३ फुगलेले. मी पहिलं एवढंच सांगितलं की बुचाला कोणीही हात लावू नका, माणसं बाजूला करा आणि लांबून पाणी मारत रहा. दोन-अडीच तास त्यांनी पाणी मारलं, संध्याकाळी पेरॉक्साइड बनवणाऱ्या कंपनीचा सेफ्टीवाला फोनवर राहिला आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे ते तिन्ही कॅन निकालात काढले. कोणाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्यानंतर जे काय कळत गेलं ते लिहितोय, कारण हाच कॅन वापरणारे आपल्याकडे बरेच जण आहेत.

आमचं बदलापूरला छोटं रिपॅकिंग युनिट आहे. मोठ्या ड्रममधून माल येतो, आम्ही ३० किलोचे कॅन भरून देतो. आधी साधे कॅन वापरायचो. गेल्या वर्षी मोम्बासाची एक ऑर्डर आली आणि न्हावा शेवाला शिपिंग लाइनने यूएन सर्टिफिकेट (धोकादायक मालाचं पॅकिंग संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे टेस्टला पास झाल्याचा दाखला) मागितलं, डीजी डिक्लेरेशनवर, म्हणजे धोकादायक मालाच्या घोषणापत्रावर, पॅकिंगचा कोड टाकायचा होता, म्हणून हे ३एच१ वाले (वरचा भाग न निघणारे, फक्त बुचाचं तोंड असलेले प्लास्टिकचे) कॅन घेतले. साध्या कॅनच्या जवळपास दीडपट पैसे. माझा मोठा भाऊ हिशोब बघतो, तो म्हणाला एक्स्पोर्टपुरतेच घे, इचलकरंजीला साधेच जाऊ देत. मी ऐकलं नाही, कारण घाट असो की कराडचा हायवे, गाडी उलटली तर रस्त्यावरचा माणूस इथलाच आहे. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

कॅनबद्दल आधी सांगतो कारण कॅन खरंच चांगला आहे. मार्क वाय१.४/१५०, म्हणजे पॅकिंग ग्रुप (मालाच्या धोक्याची पातळी, १ सगळ्यात जास्त) २ आणि ३ चालतात, घनता १.४ पर्यंत, १५० हा दाबाच्या टेस्टचा आकडा, आपला ५० टक्क्यांचा माल १.२ च्या आसपास म्हणजे आरामात बसतो. (शेजारच्या युनिटवाल्याने हेच कॅन ९८ टक्के सल्फ्युरिकला मागितले होते, त्याला नाही म्हणालो, १.८४ घनतेचा माल १.४ च्या मार्कात बसत नाही, ग्रुप बरोबर असला तरी.) पाणी भरून टेस्ट केली तर १.४ च्या मार्कासाठी कॅन १.४ मीटरवरून पाडतात, तोही उणे १८ अंशाला थंड करून, आणि ४० अंशाला २८ दिवस वर थप्पीचं वजन ठेवून बघतात. कागदावर वाचून माझा विश्वास बसला नव्हता. मग जुलैत आमच्याच हमालाच्या हातून टेम्पोच्या फाळक्यावरून भरलेला कॅन काँक्रीटवर कोपऱ्यावर पडला, मी धावत गेलो तर कोपरा चेपलेला आणि बाहेर एक थेंब नाही. साधा कॅन असता तर त्या दिवशी हमालाचे पाय भाजले असते. त्या एका मिनिटात दीडपट पैसे वसूल झाले असं मी भावाला तिथल्या तिथे फोन करून सांगितलं.

आता बूच. मला माहीत आहे मी यावर जास्त लिहिणार आहे, पण पेरॉक्साइड भरणाऱ्याला सगळं बुचावरच आहे.

पेरॉक्साइड बंद कॅनमध्येही हळूहळू फुटत असतो, पाणी आणि ऑक्सिजन होत राहतं. चांगला माल, स्वच्छ कॅन, सावली असेल तर अगदी कमी, पण उन्हात दर १० अंशाला हा वेग साधारण दुप्पट होतो आणि आत गंज किंवा कॉस्टिक सोड्याचा अंश गेला तर मग विचारूच नका. ५० टक्क्यांच्या १ लिटरमधून सगळा फुटला तर २०० लिटरच्या आसपास ऑक्सिजन निघतो. म्हणून यूएन २०१४ ला (आपल्या या पेरॉक्साइडचा यूएन नंबर) वेंटवालं बूचच लागतं, आयएमडीजी कोडात, म्हणजे जहाजाने जाणाऱ्या धोकादायक मालाच्या नियमांत, ते सक्तीने लिहिलंय. बुचाच्या मधे बारीक भोक आणि त्याला पातळ पांढरी जाळी, गॅस बाहेर जातो, पाणी जात नाही. कॅन उभाच राहिला पाहिजे, म्हणून वेंटवाल्या कॅनवर दोन समोरासमोरच्या बाजूंना वरच्या दिशेचे बाण लावावेच लागतात, साध्या बुचाच्या कॅनला ते बंधन नाही. आणि वेंटवालं पॅकिंग विमानाने जात नाही, त्यामुळे या कॅनमधून कोणाला एअर कुरियरने सॅम्पल पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या.

फुगलेल्या कॅनचे फोटो मी सप्लायरला पाठवले. त्यांचा माणूस म्हणाला तुम्ही जास्त भरलं असेल. आमच्याकडे प्रत्येक कॅन काट्यावर चढतो, ३० किलो म्हणजे २५ लिटर, ३० लिटरच्या कॅनमध्ये वर भरपूर जागा राहते, ५५ अंशाला माल पसरून कॅन तुडुंब होता कामा नये हा नियम आम्हाला पाठ आहे. मग म्हणाला ऊन लागलं असेल. अहो, इचलकरंजीला मे महिन्यात ऊन लागणारच की, वेंट कशासाठी असतो मग! आठ दिवस हीच वादावादी. त्या आठवड्यात मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर सरळ एक स्टार दिला असता आणि घेऊ नका म्हणून सांगितलं असतं.

मग ती तीन बुचं इचलकरंजीहून मागवून घेतली आणि टेबलावर मांडली. दोनांना वेंटच नव्हता. रंग तोच, आटे तेच, वरून बघितलं तर फरक कळत नाही, उलटं करून बघितलं की आत जाळी नाही, सपाट प्लास्टिक. गोडाऊनमधलं बुचांचं पोतं ओतलं तर त्यातही साधी बुचं मिसळलेली निघाली. ही चूक सप्लायरची, यात वाद नाही. पण तिसरं बूच बरोबर होतं, वेंट होता, आणि त्यावर खाकी टेपचा चिकट डाग होता. ती टेप आमची. वाटेत कोणी माल काढून घेऊ नये म्हणून आमची पोरं बुचावरून टेप मारायची, किती महिने मारत होती देव जाणे, आणि मी रोज तिथे उभा असून माझ्या लक्षात आलं नाही. त्यांना वेंट म्हणजे काय हे मी कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर ओरडलो नाही.

म्हणून मत बदललं. कॅनचा दोष नाही. माझा राग आता फक्त एका वाक्यावर आहे. सप्लायरकडचा माणूस म्हणाला, "साहेब, कॅन तर बरोबर दिलाय ना, बूचच आहे ते, बदलून देतो." बूचच आहे काय? सर्टिफिकेट कॅनला त्याच्या बुचा-गॅस्केटसकट असतं, आणि कोणतं बूच, कोणतं गॅस्केट, किती आवळायचं ही माहिती देणं कॅन बनवणाऱ्याचंच काम आहे. आम्हाला तो बंद करायच्या पद्धतीचा कागद १४ महिन्यांत पहिल्यांदा या भांडणानंतर मिळाला. त्यात आवळण्याचा आकडा दिलाय, आमची पोरं अंगातला सगळा जोर लावून आवळायची आणि गॅस्केट कापलं जायचं, ते पण तेव्हा कळलं. हे फोटोसकट लेखी पाठवल्यावर मात्र वरच्या साहेबांचा फोन आला, सगळी बुचं बदलून दिली, गाडीभाडं त्यांनी सोसलं. इतकं सगळं झाल्यावर का होईना, दिलं हे मान्य करतो.

आता भरण्याआधी प्रत्येक बुचाची आम्ही अशी तपासणी करतो: रिकाम्या कॅनला बूच लावायचं आणि दोन्ही हातांनी कॅन दाबून धरायचा. वेंट चालू असेल तर कॅन हळूहळू आत जातो, बंद असेल तर चेंडूसारखा हाताला ढकलतो. दहा सेकंदांचं काम. टेप बंद, त्याऐवजी कॅनच्या कानातून नंबरचं सील ओवतो. लेबलं अंगावर, पिवळं ५.१ (ऑक्सिडायझर) आणि त्याच्या शेजारी ८ चं (कातडी जाळणारा, धातू खाणारा माल), बुचाच्या आसपास काहीही नाही. लाकडी पॅलेटही काढून टाकले, गळलेला पेरॉक्साइड लाकडात मुरून वाळला की तिथे आग धरू शकते.

पैसे वाचवायच्या नादात अजून एक गोष्ट केली होती, ती पण सांगतो. रिकामे कॅन परत आणून पुन्हा भरायचो, प्लास्टिकच्या कॅनला तारखेपासून ५ वर्षं असतात म्हणून. (तारीख बघायला कॅनच्या अंगावरचं घड्याळासारखं चक्र बघा, बाण महिन्यावर असतो.) पण कागदाने ५ वर्षं दिली तरी मधे कॅन कोणाच्या हातात होता ते चक्र सांगत नाही. परत आलेल्या एका कॅनमध्ये तळाला पांढरा थर दिसला, लिटमस लावला तर निळा झाला, गिऱ्हाइकाने मधल्या काळात कॉस्टिक ठेवलं होतं. त्यात पेरॉक्साइड भरला असता तर फोन फुगण्याचा नसता आला. तेव्हापासून पेरॉक्साइडला फक्त नवा कॅन, भाऊ कितीही बोलला तरी.

पुढचा लॉट त्याच सप्लायरकडून घेतोय, कारण कोपऱ्यावर पडूनही न फुटलेला कॅन मी डोळ्यांनी बघितलाय. ऑर्डरमध्ये फक्त एक ओळ वाढवली: वेंटवाली बुचं निळी, साधी काळी, आणि आमच्या पोत्यात एकही काळं निघालं तर पूर्ण पोतं परत. त्यांनी लेखी हो म्हटलंय. ३०० निळी बुचं सोमवारी आली, सगळी उलटी करून बघितली, काळं एकही नव्हतं.