यूडायस प्लसचे शाळा अहवालपत्रक : छोट्या जिल्हा परिषद शाळेसाठी किती कामाचे?

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेची परिस्थिती घरबसल्या, फुकट आणि कोणाची परवानगी न घेता पाहायची तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस संकेतस्थळावर जावे. तिथल्या ‘नो युवर स्कूल’ विभागात शाळेचे वर्षवार अहवालपत्रक उघडते. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आणि पहिलीला मूल घालणारा पालक यांना ते किती उपयोगी पडते, एवढ्याच अंगाने हे परीक्षण आहे. मत आधीच सांगतो: इमारत आणि शिक्षकसंख्येसाठी उत्तम, पैशांसाठी अपुरे, आणि मुले काय शिकली याबद्दल गप्प. ही शेवटची उणीव सर्वांत मोठी आहे, म्हणून ती भरून कशी काढायची तेही पुढे दिले आहे.

शाळा नावाने शोधायच्या फंदात पडू नका. नावे रोमन लिपीत आहेत, बहुतेकांच्या आधी ‘झेडपीपीएस’ (जिल्हा परिषद प्राथमिक शाळा) लावलेले असते आणि वाडी-वस्त्यांचे स्पेलिंग भरणाऱ्याने जसे केले तसे. एकाच तालुक्यात त्याच नावाच्या दोन-तीन वस्त्या असल्या की चुकीच्या शाळेचे पत्रक उघडते आणि लक्षातही येत नाही. अकरा अंकी यूडायस क्रमांक टाकावा. तो शाळेच्या फलकावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सापडतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. क्रमांक टाकला, पडद्यावरची अक्षरे भरली, वर्ष निवडले की पत्रक समोर येते. ते इंग्रजीत आहे आणि रकान्यांची नावे त्रोटक आहेत. ज्या पालकांसाठी हा खटाटोप केला त्यांना ते वाचता येत नाही, हे मला खटकते. राज्याने मराठी पत्रक द्यायला हवे.

इमारतीचा भाग मात्र मन लावून केलेला आहे. एकूण खोल्या, त्यांतल्या चांगल्या, किरकोळ दुरुस्तीच्या आणि मोठ्या दुरुस्तीच्या, असे वेगळे आकडे मिळतात. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वीज, कुंपणभिंत, चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार (रॅम्प), ग्रंथालय, संगणक यांच्या नोंदी असतात. स्वच्छतागृहाच्या ओळीत ‘किती आहेत’ आणि ‘किती चालू आहेत’ हे दोन आकडे शेजारी असतात. नजर दुसऱ्यावर ठेवावी. तिथेही ‘चालू’ याचा अर्थ भरणारा आपल्या परीने लावतो. भांडे शाबूत आहे, दार लागते, पण टाकीत पाणी चढत नाही म्हणून कुलूप घातलेले आहे, असे मुलींचे स्वच्छतागृहही कागदावर चालूच असते. म्हणून पाण्याची आणि हात धुण्याच्या जागेची ओळ सोबत वाचावी, आणि एकदा मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन नळ सोडून बघावा.

खरी गंमत तीन वर्षांची पत्रके शेजारी ठेवल्यावर कळते. मोठ्या दुरुस्तीच्या खोल्यांचा आकडा तिन्ही वर्षे दोनच असेल तर प्रस्ताव कुठेतरी अडला आहे. पुष्कळदा तो निर्लेखनापाशी, म्हणजे मोडकळीची खोली सरकारी नोंदीतून काढून टाकण्यापाशी, अडतो. धोकादायक खोली बांधकाम विभागाने तपासून तिच्या निर्लेखनाला मंजुरी मिळेपर्यंत ती नोंदीत राहते. आणि नोंदीत खोल्या पुरेशा दिसतात म्हणून नव्या खोलीची मागणी मागे पडते. वर्ग मात्र व्हरांड्यात भरतो. समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहिताना नुसते ‘खोली द्या’ असे न लिहिता ‘निर्लेखनाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला’ असे विचारावे. उत्तर लवकर येते.

शिक्षकांचे रकाने वाचताना शिक्षण हक्क कायदा, २००९ची अनुसूची जवळ ठेवावी. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांतूनच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींसाठी शिकवणारे हवेत. राज्यात प्रत्यक्ष पदे संचमान्यतेने (पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेने) ठरतात आणि तिचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले, म्हणून चालू वर्षाची संचमान्यता मुख्याध्यापकांकडून मागून पाहावी. तिथे पट मोजताना आधार पडताळणी झालेली मुलेच धरतात. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि हजेरीपटावर ‘ज्ञानेश’ असले की ते मूल मोजणीतून गळते. मोठ्या शाळेला एका मुलाने फरक पडत नाही. काठावरच्या पटाच्या शाळेत एका नावावर एक पद अडते. जुलैपासूनच पडताळणी न झालेल्या मुलांची यादी समितीपुढे यायला हवी आणि पालकांना आधार केंद्रावर पाठवायला हवे. ३० सप्टेंबर ही पट धरण्याची तारीख आहे, त्यानंतर धावपळ करून काही हाती लागत नाही.

आणखी एक खाचखळगा. प्रतिनियुक्तीवर किंवा ‘कामगिरीवर’ दुसरीकडे गेलेल्या शिक्षकाचे नाव मूळ शाळेतच दिसू शकते. पत्रकात दोन शिक्षक आणि पाच वर्गांसमोर रोज एकच, असे त्यातून होते. पत्रकावर हा फरक दिसत नाही, हजेरी पुस्तकात दिसतो.

आता पैसे. पत्रकात अनुदान किती आले आणि किती खर्च झाले यांच्या बेरजा मिळतात. कशावर, कधी, कोणाच्या सहीने, हे मिळत नाही. शाळेवर होणाऱ्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा वेतनाचा. तो शालार्थ प्रणालीतून थेट शिक्षकांच्या खात्यात जातो आणि त्यावर शाळेचा काही अधिकार नाही. शाळेच्या हाती येते ते समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान. ३० पटापर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. टप्प्यांचा हा आकार छोट्या शाळेच्या मुळावर येतो. ३० मुलांच्या शाळेला मुलामागे ३३३ रुपये पडतात, ३१ मुलांच्या शाळेला ८०६. एक कुटुंब ऊसतोडीला गेले, त्यांचे एक मूल पटावरून कमी झाले, की १५,००० रुपये गेले. वीजबिल मात्र तेवढेच येते आणि गळके छप्पर तेवढेच गळते. त्या १०,०००मध्ये वीज, पाणी, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य बसवायचे, आणि किमान १० टक्के, म्हणजे १,००० रुपये, स्वच्छतेवर घालायचे. पटाच्या टप्प्यांऐवजी शाळेमागे एक ठरावीक रक्कम आणि वर मुलामागे रक्कम, अशी रचना असती तर हा अन्याय झाला नसता.

ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला ५,००० आणि क्रीडा साहित्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत वेगळे असतात. पोषण आहाराचा हिशेब यात मिसळू नये. १ मे २०२५ पासून प्राथमिकसाठी दररोज मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे हा साहित्याचा दर आहे. तांदूळ (१०० आणि १५० ग्रॅम) वेगळा मिळतो. ३० मुलांच्या डाळ-भाजी-तेल-मसाला-इंधनाला दिवसाला सुमारे २०३ रुपये, म्हणजे २०० दिवसांना ४०,७०० च्या आसपास. संयुक्त अनुदानाच्या चौपट रक्कम आहे ही. समितीच्या बैठकीत तिच्यावर त्या मानाने चर्चाच होत नाही.

पैसा खर्च करण्याची पद्धत समजून घेतली नाही तर समितीची सही नुसती सही राहते. २०२१ नंतर शाळेचे खाते शून्य शिलकीचे झाले. पैसे खात्यात पडून नसतात, वरच्या खात्यातून खर्चाची मर्यादा मिळते. पीएफएमएस या सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर एकाने देयक भरायचे, दुसऱ्याने मंजूर करायचे, मग छापील आदेश सह्यांसह बँकेत द्यायचा. पुरवठादाराचे खाते प्रणालीत नोंदलेले नसेल तर सगळे तिथेच थांबते. मर्यादा बहुतेकदा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत येते आणि ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. त्यामुळे मार्चच्या अखेरच्या आठवड्यात गरज नसलेल्या वस्तूंची बिले निघतात. यावर इलाज साधा आहे: नोव्हेंबरच्या बैठकीतच खरेदीची यादी क्रमवार ठरवून ठराव घ्यायचा, दरपत्रके मागवून ठेवायची, पुरवठादार आधी नोंदवून घ्यायचा. मर्यादा मार्चच्या २० तारखेला आली तरी काम तीन दिवसांत होते.

पत्रकात समिती आहे किंवा नाही एवढी माहिती कळते, ती काय करते ते कळत नाही. महाराष्ट्रात समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला हव्यात, अध्यक्ष पालकांतून निवडायचा, मुख्याध्यापक सचिव, बैठक दरमहा. शाळा विकास आराखडा तयार करणे हे कलम २२ प्रमाणे समितीचे काम आहे. चांगली समिती ओळखायची तर इतिवृत्त वही मागावी. सगळे ठराव एकाच हस्ताक्षरात, शब्दशः सारखे आणि सह्या एकाच शाईत असतील तर वही वर्षाअखेरीस बसून भरलेली आहे. ‘हातपंपाचा वॉशर बदलला, ३५० रुपये, पावती जोडली’ असली एखादी ओळ दिसली की समिती जिवंत आहे असे खुशाल समजावे. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीतून शाळेवर झालेला खर्च शाळेच्या खात्यातून जात नाही. तो ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत विचारावा लागतो.

मुलांच्या शिकण्याबद्दल पत्रकात काही मिळत नाही, आणि मोठी सर्वेक्षणेही इथे मदतीला येत नाहीत. ४ डिसेंबर २०२४ ला झालेले ‘परख’ हे सरकारी सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या नमुन्यावर जिल्ह्याचे चित्र देते. ‘असर’ या घरोघरी जाऊन मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात जिल्ह्यातली ३० गावे आणि गावातली २० घरे घेतात. आपल्या शाळेचे नाव त्यात कुठेच नसते. शिवाय तिसरीत चार मुले असतील तर एक मूल म्हणजे २५ टक्के; अशा वर्गाची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. मूल कोणत्या पायरीवर आहे, ते नावानिशी कळले पाहिजे.

त्यासाठी असरचीच साधी चाचणी घ्यावी, तिचा मराठी नमुना मोफत मिळतो. मुलाला एकटे, शेजारी बसवून सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो तीनपेक्षा जास्त न चुकता, अडखळत तुकडे न करता वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. नाही जमले तर शब्द, पाचांतले चार बरोबर यावेत. तेही नाही तर अक्षरे. गणितात सुरुवात हातच्याच्या दोन वजाबाक्यांनी. दोन्ही बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला द्यायचे, नाही तर ११ ते ९९ मधल्या संख्या ओळखायला लावायच्या. मुलामागे दहा मिनिटे लागतात, तीस मुलांची शाळा दोन दिवसांत होते. चाचणी शिक्षकांना विश्वासात घेऊनच करावी. तपासणी म्हणून गेलात तर मुले घाबरतात आणि पुढच्या वेळी दार बंद होते. शाळेत होणारी पायाभूत चाचणी आणि दोन्ही संकलित मूल्यमापने यांचे गुण शिक्षकांकडे असतातच, ते याच्या शेजारी मांडावेत. संकलितमध्ये चांगले गुण आणि परिच्छेद वाचता येत नाही, असे एखादे मूल निघाले तर त्याच्याबद्दल वर्गशिक्षकांशी बसून बोलावे.

शेवटी पत्रकाच्या ताजेपणाबद्दल. माहितीची तारीख ३० सप्टेंबर आणि प्रकाशन बरेच नंतर. २०२४-२५चा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला, तोपर्यंत नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले होते. म्हणजे जूनमध्ये प्रवेश घेताना दिसणारे आकडे जुने असतात; शिक्षक बदलीने गेलेले असू शकतात. आणि चूक सापडली तर मागच्या वर्षाच्या पत्रकाच्या मागे लागू नये. चालू वर्षाची माहिती भरणे सुरू असतानाच मुख्याध्यापकांना लेखी द्यावे, प्रत केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी, पोच घ्यावी. माहिती मुख्याध्यापक भरतात आणि पडताळणी तालुक्याला होते, त्यामुळे ती प्रमाणित होण्याआधी समितीच्या बैठकीत छापील प्रत वाचून घेण्याचा ठराव केला तर निम्म्या चुका तिथेच निघतात.