‘आर-टाइप’चा तिसरा टप्पा, पुन्हा एकदा
इरेम या जपानी कंपनीने 1987 साली आर्केडसाठी (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी) आणलेल्या ‘आर-टाइप’ या अंतराळयानाच्या लढाईच्या व्हिडिओ गेमचा तिसरा टप्पा बऱ्याच वर्षांनी पुन्हा खेळलो, एकच अवाढव्य युद्धनौका म्हणजे अख्खा टप्पा, ही कल्पना आजही थक्क करते. तिच्या पोटाखालून अंग चोरून सरकताना, इंजिनांच्या ज्वाला चुकवत, एकेक तोफ निकामी करावी लागते. त्यातच ‘फोर्स’ नावाचा, ढाल आणि शस्त्र दोन्ही असलेला गोळा यानाच्या पुढे लावायचा, मागे लावायचा की सुटा सोडायचा, हे क्षणात ठरवावे लागते, आणि माझ्या मते खेळाडूचा खरा कस तिथेच लागतो. बटण दाबून धरून साठवलेला वेव्ह कॅननचा (यानाच्या तोफेचा) झोत नेमका बसला, की होणारा आनंद काही वेगळाच. यान फुटले, की मिळवलेली शस्त्रे जाऊन टप्प्यातल्या मागच्या ठिकाणापासून पुन्हा सुरुवात करावी लागते, हे मात्र नवख्यांना जाचक वाटेल.