मायकोरायझा वापरून सात महिने झाले

मागच्या खेपेला टोमॅटोची झाडं ऐन फुलोऱ्यात बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाने गेली. आधी झाडाची एकच बाजू पिवळी पडायची, मग दुपारी पानं माना टाकायची. खोड कापलं की आत तपकिरी पट्टे दिसायचे. रोग लागल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही, म्हणून या वेळी लागवडीपासूनच मायकोरायझा, म्हणजे झाडाच्या मुळांत राहून त्याला मदत करणारी बुरशी, दिला.

बारापैकी सहा रोपांना चमचाभर भुकटी थेट खड्ड्यात, मुळांना लागेल अशी घातली. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे वरून भुरभुरून फारसा उपयोग नाही. उरलेली सहा तशीच ठेवली. पहिला महिना फरक शून्य, उलट दिलेली रोपं थोडी मागेच वाटली. झाड आपल्या साखरेतला वाटा बुरशीला देतं, त्याचाच हा परिणाम असावा. फुलं धरल्यावर मात्र चित्र पालटलं. न दिलेल्यांपैकी चार झाडं मरने गेली, दिलेल्यांपैकी एक. एवढ्याशा झाडांवरून छातीठोक सांगणार नाही, पण मला पटलं.

शेवटी एक झाड उपटून मुळं धुतली. डोळ्यांना काहीच दिसेना. मैत्रिणीने तिच्या प्रयोगशाळेत मुळांचे तुकडे अल्कलीच्या द्रावणात उकळले, शाई आणि व्हिनेगरने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पेशीपेशीत बुरशीची निळी, बारीक फांद्यांची झुडपं! किती तरी वेळ मी तिथून हललेच नाही.

ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी रोगकारक बुरशीला विळखा घालून खाते, मायकोरायझाचं तसं नाही. तो मुळात आधीच जागा धरून बसतो, स्फुरद (फॉस्फरस) आणून देतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी ठेवतो, म्हणजे हल्ला झालाच तर झाड लवकर उत्तर देतं. म्हणूनच रोगट झाडावर औषध म्हणून हे घेऊ नका.

माझी तक्रार पाकिटावरच्या मजकुराबद्दल आहे. 'सर्व पिकांसाठी' असं त्यावर छापलं होतं. कोबी, मोहरी, पालक यांच्या मुळांशी ही बुरशी जोडलीच जात नाही, माझी कोबीवरची अर्धी भुकटी वाया गेली. स्फुरदयुक्त खत भरपूर दिलं तरी झाड तिला थारा देत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही (मुळाशी ओतणं) टाळा.

पुढच्या वेळी लागवडीपर्यंत थांबणार नाही, रोपांच्या ट्रेमध्येच बियांखाली घालणार आहे.