जॅग्वार एक्सएफ : फोर्डने शिजवली, टाटांनी वाढली

मित्राने सेकंडहँड जॅग्वार एक्सएफ घेतलीये, पहिल्या पिढीची, ३ लिटर व्ही-६ डिझेल. घेतल्यापासून दर तिसऱ्या वाक्याला "आपल्या टाटांची गाडी" चालू असतं त्याचं. दोन दिवस माझ्याकडे होती म्हणून लिहितोय. गाडी भारी आहे, एकदम भारी, ते आधीच सांगून टाकतो. पण "टाटांची" म्हणलं की माझं डोकं फिरतं, कारण या गाडीचा जन्मदाखला काढून बघितला तर बापाच्या रकान्यात फोर्डचं नाव निघेल.

आधी ती स्टार्टची गंमत. दार उघडून बसलात की स्टार्टचं बटण लाल रंगात हळूहळू धडधडत असतं, नाडीसारखं. ते दाबलं की दोन सीटच्या मधून गिअरचा गोल नॉब आपोआप वर येतो आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचे एसी व्हेंट, जे तोपर्यंत सपाट बंद असतात, ते गर्रकन फिरून उघडतात. गिअरचा दांडा नाहीच, तो नॉब फिरवायचा, पी आर एन डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह). ग्लोव्हबॉक्सला खटका नाही, बोट लावलं की उघडतो. मी पहिल्या दिवशी काही कारण नसताना सहा-सात वेळा गाडी चालू-बंद केली, शेवटी बायको म्हणाली आता निघायचंय का इथेच राहायचंय.

रस्त्यावर कशी? खालून ताकद बक्कळ, ओव्हरटेकला पाय नुसता टेकवायचा, डिझेल असून आत आवाज जवळपास नाही. आणि सस्पेन्शन. जर्मन गाड्यांत असताना रस्ता कसाय ते कमरेला कळतं, इथे खड्डा आला हे कानाला कळतं फक्त. वळणावर मात्र गाडी झोपत नाही. हे दोन्ही एकाच गाडीत जमवणं सोपं नाही आणि जॅग्वारला ते फार जुन्या काळापासून जमतंय, १९६८ च्या एक्सजे ६ चं नाव त्याच्यावरच झालं होतं.

आता मालकांचं बघू, कारण सेकंडहँड घेणाऱ्याने गाडीसोबत कंपनीचंही सर्व्हिस रेकॉर्ड वाचावं असं माझं मत आहे. १९२२ मध्ये ब्लॅकपूलला विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली या दोघांनी मोटरसायकलचे साईडकार बनवायला सुरुवात केली, कंपनी स्वॅलो साईडकार. पुढे गाड्या आल्या, नाव एसएस, आणि जॅग्वार हे आधी एका मॉडेलचं नाव होतं, १९३५ मधलं. महायुद्धानंतर एसएस म्हणलं की लोकांना हिटलरचे सैनिक आठवायचे, मग १९४५ मध्ये कंपनीचंच नाव जॅग्वार केलं. लायन्स होते तोवर बहुतेक गाड्या कशा दिसणार हे तेच ठरवायचे आणि ते दिसतं. १९६१ च्या ई-टाईपचा आकार मात्र माल्कम सेयरचा, ती आजही कुठे उभी असली तर माणूस दोन मिनिटं थांबतोच.

१९६६ ला लायन्सनी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनबरोबर जोडली, १९६८ ला ते सगळं मिळून ब्रिटिश लेलँड झालं आणि मग घसरगुंडी. १९७५ ला तर सरकारनेच ताब्यात घेतली. म्हणजे जॅग्वार ही काही वर्षं सरकारी गाडी होती, विचार करा. त्या काळातला एक किस्सा सांगतात की एक्सजे ४०, म्हणजे एक्सजेच्या पुढच्या पिढीचं डिझाइन करताना इंजिनिअर मंडळींनी बॉनेटखालची जागा मुद्दाम अरुंद ठेवली, का तर ब्रिटिश लेलँडचे वरचे साहेब त्यात रोव्हर या त्याच घरातल्या दुसऱ्या कंपनीचं व्ही-८ इंजिन कोंबतील ही भीती. आपल्याच मालकापासून गाडी वाचवायची! पुढे त्यात जॅग्वारचंच व्ही-१२ बसवायची वेळ आली तेव्हा ती अरुंद जागा त्यांनाच नडली, ते वेगळं.

१९८० मध्ये जॉन ईगन प्रमुख म्हणून आले, क्वालिटीवर काम झालं, १९८४ ला थॅचरबाईंच्या सरकारने शेअर विकून कंपनी मोकळी केली. पाचच वर्षं स्वतंत्र राहिली, कारण १९८९ ला फोर्डने साधारण २५० कोटी डॉलर मोजून उचलली.

फोर्डला शिव्या घालायची फॅशन आहे आणि त्याला कारणही आहे, २००१ ची एक्स-टाईप. खाली फोर्डच्या साध्या मॉन्डिओचा सांगाडा, वर जॅग्वारचं मांजर. नुसती गाडी म्हणून बघितली तर ती तेवढी वाईट नव्हती पण एकदा "अरे ही तर फोर्डच" हे लोकांच्या डोक्यात बसलं की संपलं. पण त्याच फोर्डने वर्षानुवर्षं तोटा सोसून पैसा ओतला, आणि मी दोन दिवस चालवलेली एक्सएफ त्याच पैशातली. डिझाइन इयन कॅलमचं, जे फोर्डच्या काळातच आले. खालचा सांगाडा जॅग्वारच्याच आधीच्या एस-टाईपच्या वंशातला, म्हणजे फोर्डच्याच अमेरिकन ब्रँडच्या लिंकन एलएसचा चुलतभाऊ. डिझेल इंजिनचं घराणं फोर्ड आणि प्यूजोच्या भागीदारीतलं. २००७ ला गाडी जगाला दाखवून झाली होती, २००८ च्या मार्चमध्ये विक्री सुरू, आणि टाटांच्या हातात चाव्या आल्या २ जून २००८ ला! ताट वाढून ठेवलं होतं हो. जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून २३० कोटी डॉलर, म्हणजे फोर्डने एकट्या जॅग्वारला दिले त्याच्यापेक्षाही कमी, वर डेमलर आणि लँचेस्टर ही जुनी नावंही सोबत आली, भाजीवर कोथिंबीर घातल्यासारखी.

मित्राला हे सांगितलं तर तो चिडला. मग टाटांनी काय केलं? तर माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट केली, हात आवरला. काही महिन्यांत जगात मंदी आली, गाड्या खपेनात, तरी पैसा चालू ठेवला आणि इंडिकाचा एक स्क्रूही आत घुसवला नाही. टाटांच्या पैशाची खरी गाडी बघायची तर २०१५ ची दुसरी एक्सएफ बघा, ॲल्युमिनियमचा नवा सांगाडा आणि स्वतःचं इंजेनियम इंजिन, ज्याचा कारखाना त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनला उभा केला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जॅग्वारने लोगो बदलून गाडीच नसलेली जाहिरात केली त्यावर मी बोलत नाही, बीपी वाढतो.

घ्यायची असेल तर पहिल्या पिढीतलीच, पण २०११ च्या फेसलिफ्टनंतरची बघा, चेहरा जास्त तरतरीत आहे. २.२ डिझेलला ८ गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो आणि शहरात तेवढं इंजिन पुरतं, पण मजा ३ लिटरलाच. घरात उंच माणसं असतील तर त्यांना मागे बसवून बघा, छत मागे उतरतं, डोकं लागू शकतं. आणि विकणाऱ्याला सांगून नॉब चार-पाचदा वरखाली करून घ्या. तो हसेल, हसू दे.