बार्सिलोनाचं पलाऊ: बाहेरून फोटो काढून परत येऊ नका

आमच्या बडोद्याच्या टूरवाल्याने कार्यक्रमात लिहिलं होतं 'पलाऊ दे ला म्युझिका, फोटो स्टॉप', म्हणजे इथलं संगीत सभागृह बाहेरूनच बघायचं, आणि खरंच मोजून पंधरा मिनिटं दिली. पण फोटो काढणार कशाचा? गल्ली आपल्या बडोद्याच्या मांडवीजवळच्या पोळांसारखी, म्हणजे जुन्या वस्तीतल्या बोळांसारखी अरुंद, मागे सरकायला जागाच नाही, मान वर करून करून दुखायला लागली आणि फोनमध्ये कधी अर्धा खांब तर कधी नुसतं कोपऱ्यावरचं दगडी शिल्प. दुसऱ्या दिवशी ग्रुप शॉपिंगला गेला तेव्हा आम्ही दोघं गुपचूप सटकलो आणि स्वतःच तिकीट काढून सकाळची गाईडेड टूर घेतली. हा रिव्ह्यू तिचा आहे, टूरवाल्याचा लिहायला बसले तर रात्र होईल.

पलाऊ म्हणजे राजवाडा, पण इथे राजा-बिजा कोणी नाही. ही वास्तू एका गायन मंडळाची आहे. ओर्फेओ काताला नावाचं हौशी लोकांचं मंडळ, १८९१ साली लुईस मिलेत आणि आमादेउ विवेस या दोघांनी काढलेलं, एक चोवीस वर्षांचा आणि दुसऱ्याला विशीही लागलेली नव्हती. (आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली १८८६ ला, म्हणजे जवळपास तोच काळ, फक्त बडोद्यात महाराज होते आणि तिथे मेंबर.) मंडळ वाढलं, जागा पुरेना, मग १९०५ ला पायाभरणी आणि १९०८ च्या फेब्रुवारीत उद्घाटन. पैसा मंडळाचा आणि गाण्याचं वेड असलेल्या गिरणीवाल्या-व्यापारी मंडळींचा. आर्किटेक्ट दोमेनेक इ मोंतानेर. बार्सिलोना म्हटलं की सगळे गौदी गौदी करतात (तिथला सगळ्यात गाजलेला आर्किटेक्ट), पण हा माणूसही कमी नाही हो, १९९७ मध्ये युनेस्कोने याच्या दोन इमारती एकदम जागतिक वारशात घेतल्या, एक ही आणि दुसरं सांत पाऊ हॉस्पिटल.

जुनी तिकीटखिडकी कुठे आहे माहितीये? दर्शनी खांबाच्या पोटात! जाड गोल खांब, वर रंगीत मोझेक आणि त्यालाच छोटीशी खिडकी. जिन्याच्या कठड्याला पिवळ्या काचेचे दांडे, त्यावरून हात फिरवायचा मोह मला आवरला नाही. वरच्या गच्चीतले खांब सगळे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनी मढवलेले आणि एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही.

आणि मग हॉल. मी जरा वेळ बोललेच नाही, नवऱ्याने विचारलं बरं वाटत नाहीये का. छताच्या मधोमध रंगीत काचेचा उलटा घुमट लोंबतोय, मध्यभागी सोनेरी, कडेकडेने निळा होत जाणारा, म्हणजे सूर्यच कोणीतरी खाली ओढून आणलाय. दोन्ही बाजूंच्या भिंतीही काचेच्याच. एवढी काच कशी पेलते तर आत लोखंडी सांगाडा आहे, वजन भिंतींवर नाहीच. त्यामुळे दिवसा दिवे न लावता हॉल उजळतो, आणि म्हणूनच म्हणते सकाळची वेळ घ्या, ऊन असलेला दिवस बघून. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये काचा लहानपणापासून बघितल्यात तरी हे वेगळंच प्रकरण आहे, तिथे काच खिडकीत असते, इथे आपणच काचेत.

स्टेजच्या डावीकडे क्लावेचा पुतळा, कामगारांची गायन मंडळं काढणारा माणूस, त्याच्यावर झाड आणि गाणाऱ्या मुली. समोर उजवीकडे बेथोवेन आणि त्याच्यावर उधळलेले घोडे. म्हणजे एका बाजूला लोकगीत, दुसऱ्या बाजूला शास्त्रीय आणि मधे तुम्ही गा. मला ही मांडणी फार आवडली. याच हॉलमध्ये १९६० साली स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याची माणसं समोर बसलेली असताना पब्लिकने उठून मंडळाचं बंदी घातलेलं गाणं म्हटलं होतं, नंतर धरपकड झाली, तुरुंग झाला. ते कळल्यावर त्या साध्या लाल खुर्च्यांकडेही मी परत एकदा बघितलं.

थोडं उणं बोलायचं तर सजावट डोळ्यांना जास्त होते, छतावर गुलाबच गुलाब, सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या पुसणार कोण. आणि आम्हाला कार्यक्रम ऐकायला जमलं नाही ही खंत आहेच, तुम्हाला जमलं तर मैफलीचंच तिकीट काढा.

परत आल्यावर दांडिया बाजारात काकांना फोटो दाखवले. काका भजनी मंडळाचे खजिनदार. म्हणाले, "मंडळाने बांधलं? तीन वर्षांत? अगं आमची पत्र्याची शेड चार वर्षं मीटिंगमध्येच आहे." मग स्टेजच्या मागच्या भिंतीचा फोटो मोठा करून बघत बसले. तिथे अठरा बायका आहेत, कमरेच्या वर भिंतीतून बाहेर आलेल्या मूर्ती आणि खाली घागरा मोझेकचा, सपाट भिंतीतच, हातात वेगवेगळी वाद्यं. काकांनी चष्मा वर करून एकेक तपासली आणि फोन परत देत म्हणाले, "सगळं आहे, पेटीवाली कुठे दिसत नाही."