हिरवा पूल: मोरचूद की क्लोरीन?

नाशकात बागायतदाराच्या घरी बोर्डोसाठी (पिकांवर फवारायचं बुरशीनाशक मिश्रण) मोरचुदाची पिशवी असतेच. त्यामुळे स्विमिंग पूलला हिरवी झाक आली की हात आधी तिकडेच जातो. शेवाळ त्याने मरतं, खरं. पण मोरचुदातलं तांबं पाण्यातच साचतं, भिंतींवर डाग पाडतं आणि जास्त झालं तर पाण्यालाच निळसर-हिरवा रंग चढतो. मग पाण्यात काय टाकणार?

माझं मत क्लोरीनला. ५० हजार लिटरला ६५ टक्के क्लोरीनची पाऊण किलो पावडर म्हणजे साधारण १० पीपीएम (लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन). आधी पीएच (पाण्याची आम्लता) ७.२ च्या आसपास आणा, भिंती घासा. पावडर बादलीभर पाण्यात सोडा (पावडरीवर पाणी कधीच नको) आणि सूर्यास्तानंतर ओता. उन्हात ती वाया जाते. फिल्टर रात्रभर चालू. क्लोरीन ३ पीपीएमखाली येईपर्यंत पोरांनी कितीही गळ घातली तरी उतरू देऊ नका.